क्रूड ऑइलमध्ये काय काय आहे ते स्पेक्ट्रोस्कोपीने कसं काढायचं

क्रूडचा, म्हणजे विहिरीतून निघालेल्या कच्च्या तेलाचा, थेंब मशीनवर ठेवला, बटण दाबलं अन् कंपोझिशनचा कागद बाहेर आला असं कोणतंच मशीन नाही, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या, कारण नागपुरात प्रोजेक्टला बसलेली बरीच पोरं तिथेच अडकून राहिली आहेत. "सर, एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांचा स्पेक्ट्रम) काढला, आता कंपोझिशन सांगा." क्रूडमध्ये रेणूंचे प्रकारच हजारोंनी असतात, हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्रीवाले (रेणूंचं वजन फार बारकाईने मोजणारे) तर एकाच सॅम्पलमध्ये दहा हजारांच्या वर फॉर्म्युले मोजतात, मग एका स्पेक्ट्रममधून सगळं कसं कळणार? म्हणून एकेक प्रश्न धरायचा. सल्फर किती, ॲरोमॅटिक (बेंझीनसारख्या रिंगवाले रेणू) किती, मेण किती, व्हॅनेडियम किती, ॲसिड आहे का. प्रश्न ठरला की मशीन आपोआप ठरतं.

आकडे आधी बघून ठेवा. कार्बन ८३ ते ८७ टक्के, हायड्रोजन १० ते १४ टक्के, सल्फर ०.०५ पासून ६ टक्क्यांपर्यंत, नायट्रोजन जास्तीत जास्त २ टक्के, ऑक्सिजन साधारण दीड टक्क्याच्या आत, अन् धातू तर पीपीएममध्ये. म्हणजे आसामचं क्रूड घ्या की मेक्सिकोचं, कार्बन-हायड्रोजन जवळपास सारखाच. फरक दोन ठिकाणी असतो, हे कार्बन-हायड्रोजन एकमेकांना कसे जोडलेत त्यात, अन् उरलेल्या थोड्याशा भागात कोण बसलंय त्यात. स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे तेल कोणता प्रकाश किंवा किरण गिळतं अन् सोडतं ते मोजून, आपण हेच दोन बघतो.

नागपुरात तेलाच्या विहिरी नाहीत पण तेलाची विद्या इथे जुनी आहे, अमरावती रोडवरचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९४२ पासून आहे, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, अन् तिथे खायचं तेल अन् पेट्रोलियम दोन्ही शिकवतात. सॅम्पल मात्र बाहेरूनच येतं, मुंबई हाय, गुजरात, आसाम, बाडमेर, नाहीतर एखाद्या रिफायनरीत आलेलं आयात क्रूड. म्हणजे बाटली तुमच्या हातात पडेपर्यंत ती भरपूर फिरलेली असते, अन् खरं काम मशीनच्या आधीच, त्या बाटलीपाशी सुरू होतं.

तर सॅम्पल. यावर मी जरा लांबण लावणार आहे कारण रिझल्ट बिघडतो तो इथेच बिघडतो.

बाटली काचेची, तपकिरी रंगाची अन् टेफ्लॉन लायनरच्या झाकणाची पाहिजे. प्लास्टिकची बाटली, पीव्हीसीची नळी, रबरी बल्बचा ड्रॉपर, हे बिलकुल नको. प्लास्टिसायझर म्हणजे बहुतेक वेळा थॅलेट, ते तेलात उतरतं अन् एफटीआयआरमध्ये १७३० च्या आसपास (एफटीआयआरचे आकडे सगळे वेव्हनंबर म्हणजे सेंटीमीटर इनव्हर्समध्ये आहेत) छान टोकदार पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, देतं, अन् पोरं खुश होऊन लिहितात की क्रूडमध्ये एस्टर सापडलं. काचेच्या जॉइंटला लावलेलं सिलिकॉन ग्रीसही तसंच, १२६० अन् ८०० ला टोकदार पीक अन् मधे १०२० ते ११०० चा रुंद पट्टा, तो नेमका सल्फॉक्साइडच्या (सल्फरला ऑक्सिजन जोडलेलं संयुग) जागेवर येऊन बसतो. जॉइंटला ग्रीस लावूच नका, टेफ्लॉन टेप चालते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बाटली खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर हलके हायड्रोकार्बन उडून जातात अन् मागे राहिलेलं तेल आपोआप जड दिसायला लागतं, ॲरोमॅटिक टक्का वाढलेला, सल्फर वाढलेलं, सगळं खोटं. वरून उजेड लागला तर ऑक्सिडेशन होतं, १७०० ला कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) अन् १०३० ला सल्फॉक्साइड वाढत जातं. त्यामुळे सॅम्पल आलं की थेट फ्रिजमध्ये, तोही सॉल्व्हंट ठेवायच्या स्पार्कप्रूफ फ्रिजमध्ये, साध्या घरच्या फ्रिजमध्ये नाही. अन् लेबलवर तारीख, कुठलं तेल, कधी उघडलं, हे लिहाच.

हिवाळ्यात उलटा त्रास. बाडमेरच्या मंगला फील्डचं क्रूड इतकं मेणाचं आहे की ते गुजरातकडे नेणारी पाइपलाइन पूर्ण रस्ताभर गरम ठेवावी लागते. असं तेल डिसेंबरमधल्या नागपूरच्या सकाळी बाटलीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखं घट्ट बसलेलं असतं. त्यात वरून चमचा घातला तर मेण वेगळं अन् तेल वेगळं हाताला लागतं. बाटली तीन-चतुर्थांशच भरलेली असावी, झाकण बंद ठेवून ६० डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवायची, पूर्ण पातळ झालं की उलटी-सुलटी करून नीट मिसळायचं, झाकण फ्यूम हूडमध्ये हळूच उघडायचं अन् गरम असतानाच काढून घ्यायचं. बर्नर किंवा उघडी हॉट प्लेट चुकूनही नको. हलकं क्रूड असेल तर मात्र गरम करायचंच नाही, थंडच हलवून घ्यायचं.

पाणी हा तिसरा प्रकार. क्रूडमध्ये पाणी इमल्शन होऊन बसतं अन् त्यात मीठ असतं. सेंट्रिफ्यूज करून घ्या. पाणी राहिलं तर आयआरमध्ये ३४०० ला रुंद फुगवटा अन् १६४० ला पीक येतं, ते १६०० च्या ॲरोमॅटिक पीकला चिकटतं, वर आयआर मशीनच्या केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइड या मिठाच्या) खिडक्या विरघळून पांढऱ्या पडतात. पावसाळ्यात तर केबीआर नुसत्या हवेनेच खराब होतं, डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल गुलाबी झालं की लगेच ओव्हनमध्ये टाका.

अन् सेफ्टी. सावर, म्हणजे जास्त सल्फरवाल्या, क्रूडमध्ये हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, सडक्या अंड्याचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं अन् वास येणं बंद होतं, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं नाही. बेंझीन असतंच. हूड चालू, नायट्राइल ग्लोव्ह्ज, गॉगल, यात तडजोड नाही.

आता एफटीआयआर. सुरुवात यानेच करा, पाच मिनिटात होतं अन् तेलाचा स्वभाव कळतो. एटीआर (थेंब थेट क्रिस्टलवर ठेवून मोजायची जोडणी) असेल तर डायमंड क्रिस्टल टोल्युइनने पुसा, मग हेप्टेनने, टिश्यू धागे न सोडणारा. लाइव्ह स्पेक्ट्रम चालू ठेवा अन् २९०० जवळ काहीही दिसत नाही तोवर पुसत राहा, मागच्या माणसाचं तेल तिथेच सापडतं. मग बॅकग्राउंड (रिकाम्या क्रिस्टलचा स्पेक्ट्रम), मग एक थेंब. ४ चं रिझोल्यूशन, ३२ स्कॅन, ४००० ते ६५० पर्यंत.

काय कुठे बघायचं ते सांगतो. २९२४ अन् २८५३ म्हणजे सीएच-टू, २९५६ च्या खांद्यावर सीएच-थ्री. १४६० अन् १३७७, यातलं १३७७ फक्त मिथाइलचं, त्यामुळे ते १४६० च्या मानाने मोठं असेल तर साखळ्या फांद्यावाल्या किंवा छोट्या. ७२२ म्हणजे लांब सरळ साखळी, चार किंवा जास्त सीएच-टू सलग असले की येतं. १६०० म्हणजे ॲरोमॅटिक रिंग, अन् ८७०, ८१०, ७५० हे तीन छोटे डोंगर म्हणजे त्या रिंगवर शेजारी-शेजारी किती हायड्रोजन मोकळे आहेत ते, ८७० ला एकटाच, ७५० ला चार सलग. ८७० चढलेला असेल तर रिंगवर बरंच काही जोडलेलं आहे किंवा रिंगा एकमेकींत गुंतल्या आहेत. १७०० ला कार्बोक्झिलिक ॲसिड, म्हणजे नॅफ्थेनिक ॲसिडवालं क्रूड, जे रिफायनरीत पाइप खातं. १०३० ला सल्फॉक्साइड.

हे मेणाचं तेल घेऊन एकदा करून बघाच. थंडीच्या सकाळी गार क्रिस्टलवर ठेवलं तर ७२२ चं पीक दुभंगतं, ७२० अन् ७३० अशी दोन टोकं दिसतात. तेच सॅम्पल गरम करून गरम क्रिस्टलवर ठेवलं की दोन्ही मिळून एकच गोल पीक. मेणाचे क्रिस्टल तयार झाले की साखळ्या एकमेकींशेजारी रचून बसतात, त्यांच्या हलण्यात जोडी तयार होते म्हणून पीक फुटतं. आता विचार करा, एका मुलाने जानेवारीत अन् दुसऱ्याने एप्रिलमध्ये एकच तेल मोजलं अन् दोघांनी ७२२ ची उंची घेतली तर आकडे जुळणार कसे? म्हणून सॅम्पलचं तापमान लिहायचं अन् उंचीऐवजी ७१० ते ७४० चं क्षेत्रफळ घ्यायचं.

सरावाला क्रूड वाया घालवू नका. मेणबत्तीचं पॅराफिन, डिझेल, इंजिन ऑइल अन् घरचं जवसाचं तेल आणा. जवसात १७४५ ला एस्टरचं मोठं पीक येतं, खायच्या सगळ्याच तेलांत येतं, पेट्रोलियममध्ये येत नाही. हा एक फरक डोळ्यात बसला की डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलंय का तेही ओळखता येतं.

टक्केवारी काढायची घाई नको. एका स्पेक्ट्रममधून रेशो काढा, १६०० चं क्षेत्रफळ भागिले १४६० अधिक १३७७ चं, याला ॲरोमॅटिसिटी इंडेक्स म्हणून वापरतात. बेसलाइन प्रत्येक सॅम्पलला एकाच जागेवर टेकवायची. अन् एटीआरचे रेशो केबीआरच्या ट्रान्समिशनवाल्या पेपरशी थेट लावू नका, एटीआरमध्ये किरण आत किती शिरतो ते वेव्हलेंग्थवर ठरतं, त्यामुळे २९०० चे पीक तुलनेत बुटके दिसतात.

यूव्ही-व्हिजिबलला येऊ. याच्याकडे पोरं दुर्लक्ष करतात पण मला हे फार आवडतं. अडचण सॉल्व्हंटची आहे. हेप्टेन यूव्हीमध्ये स्वच्छ पण त्यात अस्फाल्टीन (क्रूडमधला सगळ्यात जड, रिंगांनी भरलेला भाग) खाली बसतं, म्हणजे जे मोजायचं तेच तळाला. टोल्युइनमध्ये सगळं विरघळतं पण २८५ नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच सगळा प्रकाश खातं. म्हणून अख्खं क्रूड असेल तर मी डायक्लोरोमीथेन सांगतो, २३५ पर्यंत चालतं. पिपेटने मोजू नका, घट्ट तेल काचेला चिकटून राहतं, वजनानेच घ्या. क्युव्हेट (द्रावण ठेवायचं छोटं चौकोनी भांडं) क्वार्ट्झचा, काचेचा यूव्हीत चालत नाही. ॲब्सॉर्बन्स ०.२ ते १ मधे येईल इतकं पातळ करत जा, अन् पातळ करून परत मोजल्यावर आकडा त्याच प्रमाणात उतरला पाहिजे, नाही उतरला तर काहीतरी विरघळलेलं नाही.

एका रिंगवाले २५० ते २७० च्या पट्ट्यात, दोन रिंगवाले २८० कडे, तीन-चार रिंगवाले ३५० अन् पुढे, असा साधारण हिशोब. जड क्रूडची शेपटी पार ६०० च्या पुढे जाते, म्हणूनच ते काळं दिसतं. पण त्या उतारावर ४१० च्या आसपास एक छोटा उंचवटा शोधा, बऱ्याच जड क्रूडमध्ये सापडतो, द्रावण जरा दाट घ्यावं लागतं अन् सेकंड डेरिव्हेटिव्ह काढलं की स्वच्छ वर येतो. हा व्हॅनेडिल पॉरफिरिनचा (मधे व्हॅनेडियम बसलेल्या, क्लोरोफिलसारख्या मोठ्या रिंगचा) मुख्य पट्टा, ज्याला सोरेट बँड म्हणतात, सोबत ५३४ अन् ५७३ ला दोन लहान. निकेलवालं पॉरफिरिन ३९० ते ३९५ ला. जर्मन केमिस्ट आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ मध्ये पेट्रोलियममध्ये पॉरफिरिन दाखवून दिलं अन् म्हटलं की हे क्लोरोफिलपासूनच आलंय, मधलं मॅग्नेशियम गेलं अन् त्या जागी व्हॅनेडियम-निकेल बसलं. तेल जिवंत गोष्टींपासून बनलं याचा तो ठोस रासायनिक पुरावा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हिरव्या रंगाची खूण आपल्या साध्या यूव्ही मशीनवर दिसते, हे दाखवलं की मुलांचे डोळे चमकतात अन् मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

फ्लुओरेसन्स असेल तर तेही घ्या, हलकं क्रूड निळसर चमकतं, जड झालं की चमक लालकडे सरकते अन् मंद होते. फार पातळ द्रावण पाहिजे नाहीतर तेल स्वतःचाच प्रकाश गिळतं.

सल्फरसाठी एक्सआरएफ, म्हणजे एक्स-रे टाकून नमुन्यातून परत येणारे एक्स-रे मोजणारं मशीन. पद्धत एएसटीएम डी ४२९४ हे अमेरिकन मानक. कप, खाली पातळ फिल्म, त्यात तेल. सल्फरचे एक्स-रे फार कमजोर, २.३ केईव्हीचे, फिल्मला सुरकुती पडली किंवा जाडी बदलली तरी रिझल्ट हलतो, म्हणून प्रत्येक सॅम्पलला नवी फिल्म, एकाच रोलमधली. पाणी राहिलेलं असेल तर ते खाली फिल्मवरच जमतं अन् मशीन नेमकं तेवढंच बघतं, त्यामुळे सल्फर कमी दिसतं. स्टँडर्ड (सल्फर किती ते आधीच माहीत असलेले नमुने) मिनरल ऑइलमधले घ्या. अर्धा टक्क्याच्या खाली स्वीट, वर सावर असं ढोबळ मानतात, मुंबई हाय स्वीट, मेक्सिकोचं माया तीन टक्क्यांच्या वर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स (भारत स्टेज सिक्स) प्रदूषण-मानकाच्या पेट्रोल-डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमच्या आत लागतं, म्हणजे क्रूडमधलं हे सगळं रिफायनरीला काढावं लागतं, हा आकडा इतका महत्त्वाचा का ते यावरून समजा.

धातूंना आयसीपी-ओईएस, म्हणजे प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेत धातूंनी सोडलेला प्रकाश मोजणारं मशीन. दोन रस्ते आहेत, मायक्रोवेव्हमध्ये ॲसिडने पूर्ण जाळून घ्यायचं, किंवा झायलीनमध्ये पातळ करून थेट द्यायचं. दुसरा सोपा वाटतो पण त्याला स्टँडर्डही तेलातलेच लागतात, पाण्यातले चालत नाहीत, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत टाकलेला धातू) म्हणून यिट्रियमसारखं काही टाकावं लागतं, अन् टॉर्चवर काजळी धरू नये म्हणून ऑक्सिजन सोडावा लागतो. शिकत असाल तर ॲसिडचाच रस्ता धरा. उघड्या क्रुसिबलमध्ये नुसतं जाळू नका, पॉरफिरिनवाले धातू थोडे धुरासोबत निघून जातात. व्हॅनेडियम, निकेल, लोह, सोडियम बघायचे. व्हॅनेडियम कॅटॅलिस्ट मारतं अन् बॉयलरच्या नळ्या खातं. व्हॅनेडियम-निकेलचा रेशो तर तेलाची ओळखच आहे, हलका भाग उडून गेला तरी तो फारसा बदलत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा अन् खलिजिया ही जहाजं धडकून तेल किनाऱ्यावर आलं होतं, अशा वेळी किनाऱ्यावरचा गोळा कुठल्या टाकीतला हे शोधायला हा रेशो, अन् जोडीला जीसी-एमएसमधले (रेणू वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वजन मोजणारं मशीन) १९१ चे होपेन अन् २१७ चे स्टेरेन, म्हणजे जिवंत गोष्टींपासून तेलात उरलेले रेणू, कामी येतात.

एनएमआर (चुंबकात ठेवून हायड्रोजन-कार्बनची जोडणी दाखवणारं मशीन) आपल्याकडे नसेल तर सैफसारख्या, म्हणजे सगळ्यांना मोठी मशीन वापरू देणाऱ्या, सामायिक केंद्रात पाठवा. प्रोटॉनमध्ये ०.५ ते ४ पीपीएम (इथे पीपीएम म्हणजे प्रमाण नाही, पीकची जागा) ॲलिफॅटिक म्हणजे साखळीवाले, ६.५ ते ९ ॲरोमॅटिक, क्लोरोफॉर्मचं ७.२६ मधेच येतं ते वजा करायला विसरू नका. ॲरोमॅटिक कार्बनचा खरा टक्का पाहिजे असेल तर कार्बन-१३ घ्या, पण फॉर्मवर इनव्हर्स गेटेड डिकपलिंग अन् लांब डिले असं स्पष्ट लिहा, नाहीतर ते साधं रन करून देतात अन् त्या क्षेत्रफळावरून टक्का काढता येत नाही.

वेळ असेल तर एक गोष्ट नक्की करा, आधी तेल वेगळं करा अन् मग स्पेक्ट्रम काढा. एक ग्रॅम क्रूडला तीस-चाळीस मिली एन-हेप्टेन, उकळवून, अंधारात ठेवून, गाळून अस्फाल्टीन वेगळं, गरम हेप्टेनने धुवायचं. उरलेलं कॉलमवर (भुकटी भरलेल्या काचेच्या नळीत) टाकून सॅच्युरेट (रिंगचा ॲरोमॅटिकपणा नसलेले), ॲरोमॅटिक, रेझिन (मधला चिकट भाग). आता प्रत्येकाचा एफटीआयआर काढा. सॅच्युरेटमध्ये १६०० गायब पाहिजे, असेल तर कॉलम नीट चालला नाही. अस्फाल्टीनमध्ये १६०० उभं राहतं, ८७० चढतं, अन् तरी २९२० जात नाही, म्हणजे रिंगांना साखळ्या लटकलेल्या आहेत. अख्ख्या क्रूडमध्ये जे पीक एकमेकांवर चढून बसले होते ते इथे सुटे होतात. चारही भागांचं वजन मिळून मूळच्या जवळ आलं पाहिजे, हलक्या क्रूडमध्ये कमी येईल कारण सॉल्व्हंट उडवताना पेट्रोलसारखा भागही उडतो, तो तूट म्हणून दाखवायचा, बाकी आकडे ताणून १०० करायचे नाहीत.

रिफायनरीत निअर-आयआर (जवळचे इन्फ्रारेड किरण) अन् पीएलएस (स्पेक्ट्रमवरून गुणधर्माचा अंदाज काढणारं गणिती) मॉडेल लावून मिनिटात सगळे गुणधर्म काढतात, ते खरं आहे, पण त्यामागे शेकडो क्रूडचे लॅबमध्ये मोजलेले आकडे असतात. दहा सॅम्पलवर मॉडेल बांधून आर-स्क्वेअर (मॉडेल किती जुळतं त्याचा आकडा) ०.९९ दाखवू नका, मॉडेलने कधीच न पाहिलेली सॅम्पल वेगळी ठेवा अन् त्यावर किती चुकतं ते लिहा.

रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्यासमोर पद्धत, सॅम्पलचं तापमान, सॉल्व्हंट, अन् निदान तीनदा मोजल्यावर आलेला फरक लिहा. पद्धतीला भारतीय मानक पाहिजे असेल तर आयएस १४४८ ची मालिका बघा. दोन मशीनचे आकडे भांडत असतील तर लपवू नका, एक्सआरएफला सल्फर भरपूर अन् एफटीआयआरला १०३० कोरं, यात विरोध नाही, सल्फर थायोफिनमध्ये (सल्फर असलेल्या रिंगमध्ये) असेल तर सल्फॉक्साइड दिसणारच नाही, अन् ही तर उलट जास्तीची माहिती झाली.

उरलेलं तेल अन् सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतू नका. डायक्लोरोमीथेनवालं वेगळ्या बाटलीत, टोल्युइन-हेप्टेनवालं वेगळ्या, दोन्ही एकत्र केलं तर विल्हेवाट लावणारा घेत नाही. तेलाचे टिश्यू झाकणाच्या लोखंडी डब्यात, अन् काचेची भांडी आधी टोल्युइनने, मग ॲसिटोनने, साबण शेवटी.